अपिलाचं व्रत: साहित्य, विधी आणि उद्यापन

हे व्रत कोणत्याही महिन्यात धरता येतं. तिथी पंचांगात शोधू नये, ती ई-मेलने येते. लग्न होऊन जोडीदार विलायतेला परत गेलेला असावा, मागे राहिलेल्या माणसाने स्पाउस व्हिसाचा अर्ज केलेला असावा, ‘मग, कधी निघणार?’ असं विचारणाऱ्या शेजारणीनेही आता संकोचून विषय बदलायला सुरुवात केलेली असावी, आणि अशाच एखाद्या दुपारी व्हिसा केंद्रातून पासपोर्ट परत यावा. पाकीट चाचपून बघावं. आत दोन-तीन पानी पत्र असेल आणि पासपोर्टात नवीन चिकटवलेलं काहीच नसेल, तर व्रताला आरंभ झाला असं समजावं. हातात अठ्ठावीस दिवस असतात. पहिला रडण्यात गेला तरी शास्त्राची हरकत नाही. दुसरा एजंटाला शिव्या घालण्यात जातोच. तिसऱ्या दिवशी मात्र पत्र नीट वाचावं.

वाचताना मनाची एवढी तयारी ठेवावी, की त्यात तुमच्या लग्नाबद्दल फारसं काही नसतं. ‘अमुक बाबतीत माझं समाधान झालेलं नाही’ हे वाक्य परिच्छेदागणिक येतं, आणि त्याच्या शेपटीला ई-ईसीपी.३.१ असलं काहीतरी कलम बांधलेलं असतं. पगाराबद्दल समाधान नाही, बँकेच्या स्टेटमेंटबद्दल नाही, राहत्या घराबद्दल नाही. नेमकं काय दिलं असतं म्हणजे समाधान झालं असतं, हे पत्रात नसतं. ते नियमांत असतं, आणि नियम वाचून संपेपर्यंत त्यातले काही बदललेले असतात.

हे व्रत कोणी करावं

जोडीदार ब्रिटिश नागरिक असेल किंवा तिथे कायमचा स्थायिक असेल, तरच हे व्रत करण्यात अर्थ. पुण्या-नाशकाहून आयटीत गेलेली बरीच मंडळी स्किल्ड वर्कर व्हिसावर असतात. त्यांच्या नवऱ्या-बायकांचा डिपेंडंट व्हिसा नाकारला तर अपील नसतं, ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू’ असतो. म्हणजे ८० पाउंड भरायचे आणि त्याच खात्यातल्या दुसऱ्या माणसाला कळवायचं की पहिल्याचं चुकलं. त्यात नवा कागदही सहसा लावू देत नाहीत. ११ मार्च २०२४ नंतर केअर वर्कर म्हणून गेलेल्यांना तर नवरा-बायको-मुलांना नेण्याची सोयच ठेवलेली नव्हती. म्हातारे इंग्रज सांभाळायला माणूस हवं होतं, माणसाच्या घरचं माणूस नको होतं.

गोव्याच्या वाचकांसाठी वेगळी सूचना. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्या आजोबांच्या पुण्याईवर पोर्तुगीज पासपोर्ट काढून पुष्कळ गोवेकर इंग्लंडात गेले, आणि स्विंडनमध्ये तर त्यांची मोठी वस्तीच झाली. ब्रेक्झिटपूर्वी ते युरोपीय नागरिक म्हणून राहत होते, त्यामुळे बायकोला आणायला ना पगाराची अट होती ना फी. आता तारीख बघावी लागते. नातं ३१ डिसेंबर २०२० पूर्वीचं असेल तर जुनी वाट उघडी आहे, नंतरचं असेल तर खालचं सगळं साहित्य जमवावं. स्विंडनच्या एकाच गल्लीत दोन भाऊ राहत असतील, थोरल्याने २०१९ साली लग्न केलं असेल आणि धाकट्याने ‘कोरोना जाऊ दे, मग बघू’ म्हटलं असेल, तर धाकट्याने हा लेख कापून ठेवावा.

साहित्य

एक कमावता जोडीदार, वर्षाचा पगार निदान २९,००० पाउंड. हा आकडा ११ एप्रिल २०२४ पासूनचा. त्याआधी, जुलै २०१२ पासून, तो १८,६०० होता. सहा महिन्यांच्या सॅलरी स्लिपा, त्याच सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, आणि स्लिपेवरचा प्रत्येक निव्वळ आकडा स्टेटमेंटात पेनीला पेनी जुळलेला. मालकाचं पत्र, ज्यात हुद्दा, पगार, नोकरी कधीपासून आणि कोणत्या कराराने हे सगळं असावं. स्टेटमेंट अर्जाच्या आधीच्या अठ्ठावीस दिवसांतलं असावं. (अठ्ठावीस हा या व्रताचा आकडाच आहे.) सहा महिन्यांत पगार खालीवर झाला असेल तर सगळ्यात कमी धरून वर्षाचा हिशेब मांडतात, म्हणून ज्या महिन्यात लग्नासाठी बिनपगारी रजा घेतली तो महिना सहात येऊ देऊ नये. लग्नासाठी घेतलेल्या रजेमुळे लग्नाचा व्हिसा अडल्याची उदाहरणं तुम्हाला कुणी ना कुणी सांगेलच.

इकडे राहिलेल्या माणसाची कमाई या हिशेबात शून्य धरतात. सूनबाई पुण्यात भूलतज्ज्ञ असोत नाहीतर नवरदेवांचं कोल्हापुरात फाउंड्रीचं काम जोरात चालू असो, बाहेरून अर्ज करताना तो पैसा मोजत नाहीत. तिकडे नोकरी मिळाल्याचं पत्र दाखवलं तरी मोजत नाहीत.

पगार पुरेसा नसेल तर बचत चालते. पगार अजिबात नसेल तर ८८,५०० पाउंड सहा महिने खात्यात पडून असावे लागतात. हा चमत्कारिक आकडा कुठून आला ते एकदा समजून घेतलेलं बरं. पहिले १६,००० पाउंड जमेसच धरत नाहीत. उरतात ७२,५००. त्यांना अडीचने भागायचं, कारण पहिला व्हिसा अडीच-पावणेतीन वर्षांचा असतो. आले २९,०००. गणित बिनचूक आहे. एवढे पैसे खात्यात असणारा माणूस विलायतेला कशाला जाईल, हा प्रश्न गणिताच्या कक्षेबाहेरचा.

घर. ते फार मोठं नको, पण दाटीचं नको. इथे १९८५ च्या गृहनिर्माण कायद्यातलं कोष्टक लावतात: एका खोलीत दोन माणसं, दोन खोल्यांत तीन, तीन खोल्यांत पाच. दिवाणखानाही झोपण्याची खोली म्हणून मोजतात, हे वाचून गिरगावच्या वाचकांना त्या कायद्याबद्दल आपुलकी वाटेल. एक ते दहा वर्षांचं मूल अर्धं माणूस. एक वर्षाच्या आतलं मूल मोजतच नाहीत. तेव्हा नणंद, तिचा नवरा आणि तान्हं बाळ असलेल्या घरात राहायचं असेल तर आधी अपूर्णांक सोडवावेत.

इंग्रजी. बोलण्या-ऐकण्याची ए-वन पातळीची परीक्षा, म्हणजे स्वतःचं नाव, गाव आणि आवड सांगता येणं. आयईएल्टीएस लाइफ स्किल्स या परीक्षेत दोन अनोळखी उमेदवार एकत्र बसवतात आणि सोळा ते अठरा मिनिटं एकमेकांशी बोलायला लावतात. आपल्याकडे ठरवून झालेल्या पुष्कळ लग्नांत मुला-मुलीला पहिल्या भेटीत एवढा वेळ मिळालेला नसतो. तुम्ही इंग्रजी घेऊन एम.ए. झाला असाल तरी पदवी इंग्रजीतून झाल्याचा दाखला युके ईएनआयसी नावाच्या संस्थेकडून आणावा लागतो. तो आणण्यापेक्षा आपली आवड वाचन आणि गिरिभ्रमण असल्याचं सांगून मोकळं होणं सोपं.

टीबीची तपासणी मान्यताप्राप्त केंद्रातूनच करावी. तिचा दाखला सहा महिने चालतो. हे सहा महिने लक्षात ठेवा, उद्यापनात लागतील.

दक्षिणा: एप्रिल २०२५ पासून अर्जाचे १,९३८ पाउंड, शिवाय आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ प्रमाणे तीन वर्षांचा एकदम, ३,१०५. अर्ज नाकारला तर अधिभार परत येतो. अर्जाची फी दानपेटीत पडली.

नावाचं

हा विषय मराठी घरांत वेगळा हाताळावा लागतो. आपल्याकडे मधल्या नावाला माणूस असतो. लग्नाआधी वडील, लग्नानंतर नवरा. पासपोर्टावर वडील आहेत, लग्नाच्या दाखल्यावर नवरा आहे, आधार कार्डावर आडनाव सासरचं पण मधलं नाव माहेरचं, आणि पदवीच्या प्रमाणपत्रावर आईचं नाव घातलेलं. शेफील्डला बसलेल्या अधिकाऱ्याला या एका बाईच्या जागी तीन-चार बायका दिसल्या तर त्याला दोष देऊ नये.

त्यातून काही घरी पहिलं नावही बदलतात. ताटात तांदूळ पसरून, अंगठीने नवरीचं नवं नाव लिहितात आणि त्याचा जवळून फोटो काढतात. फोटोग्राफरला तो फार आवडतो. अल्बमात तो अख्ख्या पानभर असतो, कडेला हळदीकुंकू आणि कोपऱ्यात आत्याबाईंचा अंगठा. पुराव्यात हा फोटो घालताना दहा वेळा विचार करा. पासपोर्टावर जे नाव नाही, शपथपत्रात नाही, ते तांदळात ठळक लिहिलेलं आहे, आणि आता ते कोणाचं याचा खुलासा तुम्हाला करायचा आहे.

खुलासा एकाच प्रतिज्ञापत्रात करावा: ही सगळी नावं माझीच. गॅझेटमध्ये बदल केला असेल तर तो अंक जोडावा. नसेल तर अपील संपेपर्यंत कोणीही कसलंही नाव बदलू नये, सासूबाई कितीही म्हणाल्या तरी.

नात्याचा पुरावा

नियम म्हणतो, नातं खरं आणि चालू असावं, दोघं प्रत्यक्ष भेटलेले असावेत आणि कायम एकत्र राहण्याचा इरादा असावा. नवशिक्यांची गाडी इथेच रुळावरून घसरते, कारण त्यांना वाटतं की लग्न झालं म्हणजे हे आलंच. लग्नाला पाचशे माणसं जेवली, अंतरपाट धरला, मंगलाष्टकं झाली, नाव घेताना उखाण्यात यमक चुकलं म्हणून नवरी हसली, हे सगळं व्हिडिओत आहे. अधिकारी मान्य करतो की विवाह झाला. विवाहानंतर नातं चालू आहे का, एवढंच त्याला विचारायचं असतं.

मग फोनचे पुरावे काढतात. मराठी जोडप्याचा व्हॉट्सॲप एकदा मोठ्याने वाचून बघा.

‘जेवलास?’
‘हो.’
‘काय?’
‘खिचडी.’
‘परत?’
‘हं.’
‘बरं झोप.’

यात प्रेम ओतप्रोत भरलेलं आहे हे तुम्हाला कळतं, मलाही कळतं. त्या ‘परत?’ मध्ये तर काळजी, राग आणि चार हजार मैलांची हतबलता सगळी आहे. पण इंग्रजीत नसलेला प्रत्येक कागद अधिकृत भाषांतरासह द्यावा लागतो, आणि भाषांतरकार पानामागे पैसे घेतो. वर्षभराच्या खिचडीचं भाषांतर करून घेणं परवडत नाही. म्हणून दर महिन्याचं एखादं पान निवडावं. ज्यात तारीख, पुढच्या भेटीची चर्चा, तिकिटाचा उल्लेख किंवा निदान एखादं भांडण आहे, असं. भांडणाला घाबरू नये. जे नवरा-बायको वर्षभर भांडलेच नाहीत त्यांच्याबद्दल शंका घ्यायला मलासुद्धा जागा वाटते.

याउलट अपिलासाठी म्हणून अचानक प्रेमळ होऊ नये. नकाराचं पत्र आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून चॅटमध्ये बदामांचा पाऊस सुरू झाला, की समोरच्या वकिलाला तारखा बघून सगळं कळतं.

तिकडच्या जोडीदाराने भारतात येऊन भेटावं. बोर्डिंग पास टाकू नये, पासपोर्टावरच्या शिक्क्यांची झेरॉक्स ठेवावी. डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीला एकट्याने काढलेले फोटो नात्याचा पुरावा होत नाहीत. त्यात फक्त तुम्ही एकटे आहात हे सिद्ध होतं.

नातेवाइकांची निवेदनं घ्यावीत, पण आधी तपासावीत. सासूबाईंना लिहायला सांगितलं तर त्या लिहितात: ‘सून गुणी आहे, घरात कुणाला उलट बोलत नाही, लवकर व्हिसा द्यावा ही नम्र विनंती.’ हे स्थळ सुचवणारं पत्र झालं. निवेदनात तारीख हवी, स्थळ हवं, स्वतः पाहिलेलं हवं: अमुक साली दिवाळीत मुलगा आला, तीन आठवडे दोघं आमच्याकडे राहिली, तिला डेंगी झाला तेव्हा तो रोज दोनदा व्हिडिओ कॉल करायचा, मी समोर होते. शेवटी ‘हे माझ्या माहितीप्रमाणे खरं आहे’ आणि सही. आशीर्वाद वेगळ्या कागदावर.

खोटा कागद मात्र चुकूनही लावू नये. एजंट म्हणेल, ‘सगळेच लावतात’. पकडला गेला तर फसवणूक म्हणून दहा वर्षं दार बंद होतं, आणि ती दहा वर्षं एजंट भोगत नाही.

विधी

पहिला पेच: अपील करावं की नवा अर्ज? कागद खरोखरच अपुरा होता, आणि आता तो मिळालेला आहे, तर नवा अर्ज सहसा लवकर फळतो. फक्त दक्षिणा पुन्हा पूर्ण. अपील स्वस्त आहे. नुसत्या कागदांवर निकाल हवा तर ८० पाउंड, सुनावणी हवी तर १४०. पण त्यात महिने जातात, वर्ष गेलं तरी कोणी आश्चर्य व्यक्त करत नाही. थोडक्यात, एका वाटेवर पैसे जातात आणि दुसरीवर वय. दोघांचं वय आणि बँकेतली शिल्लक समोर ठेवून निर्णय घ्यावा. ज्या काकांचा मुलगा बारा वर्षांपूर्वी गेला त्यांचा सल्ला ऐकून घ्यावा, चहा द्यावा आणि विसरावा. त्यांच्या वेळचा एकही आकडा आता उरलेला नाही.

अपील करायचं ठरलं की ते फर्स्ट-टियर ट्रायब्युनलच्या इमिग्रेशन शाखेत जातं, आणि इथे या शास्त्रातली सगळ्यात मोठी गंमत आहे. २०१४ च्या कायद्याने अपिलाची जुनी कारणं काढून टाकली. ‘अधिकाऱ्याने नियम चुकीचा लावला’ एवढंच म्हणून आता अपील करता येत नाही. म्हणायचं असतं, की या नकाराने माझ्या कौटुंबिक जीवनाच्या हक्काचा, म्हणजे युरोपीय मानवाधिकार कराराच्या आठव्या कलमाचा भंग झाला. म्हणजे अर्ज फेटाळला तो सॅलरी स्लिप जुळत नाही म्हणून. तुम्हाला सांगायचं असतं ते एवढंच, की साहेब, ती स्लिप जुळते, ही बघा. पण ते सांगण्यासाठी उच्चार करावा लागतो मानवाधिकारांचा. अर्ज करताना तुमच्या प्रेमाला कोणी विचारलं नव्हतं आणि तुम्ही हिशेब चोख ठेवायला हवा होता. आता प्रेमाबद्दल पानंच्या पानं लिहायची, आणि त्यांच्या मधोमध हळूच बँकेचं स्टेटमेंट ठेवायचं. नवशिके नेमकं उलटं करतात. अर्जाच्या वेळी भावनाप्रधान होतात आणि अपिलात मुनीम.

दिलासा असा, की निर्णयानंतरचे कागदही न्यायाधीश पाहू शकतो. आणि नियमांतली प्रत्येक अट पूर्ण होते असं दाखवता आलं, तर मानवाधिकाराचं बहुतेक काम आपोआप होतं. म्हणून मुनीमगिरी सोडू नये, तिच्यावर फक्त शालू पांघरावा.

अपील दाखल झालं की सरकारी बाजू आपला निर्णय पुन्हा तपासते. काही प्रकरणं इथेच मिटतात, नकार मागे घेतला जातो. असं झालं तर का झालं हे विचारायला जाऊ नये.

वकील करावा का? परवडत असेल तर करावा. अशा प्रकरणांना मिळणारी सरकारी कायदेशीर मदत एप्रिल २०१३ पासून बंद आहे. वकील नसेल तर बंडल स्वतः बांधावं: पानांना क्रमांक, सुरुवातीला अनुक्रमणिका, तारखेनुसार क्रम. प्लॅस्टिकच्या फोल्डरमधला लग्नाचा अल्बम म्हणजे बंडल नव्हे. तिकडे इमिग्रेशनचा सल्ला देण्याचा धंदा करायला नोंदणी लागते, बिननोंदणीचा सल्लागार गुन्हेगार ठरतो. चौकात बसून फुकट सल्ला देणाऱ्यांना हा कायदा लागू नाही, आणि इकडे तर मुळीच नाही.

कहाणी

व्रत म्हटलं की कहाणी आली. पहिलं यशस्वी अपील सावित्रीचं. मौखिक सुनावणी, फी नाही, प्रतिपक्ष जातीने हजर, आणि निकाल जागच्या जागी. पुढच्या काळात ही सोय राहिली नाही.

१९७० च्या दशकात इंग्लंडात लग्नासाठी जाणाऱ्या वाग्दत्त वधूला, तीन महिन्यांत लग्न करणार असेल तर, आधी व्हिसा काढावा लागत नसे. बायकोला मात्र रांगेत थांबावं लागे. त्यामुळे विमानतळावरच्या अधिकाऱ्यांना संशय येई, ही वधू नसून आधीच लग्न झालेली बायको तर नाही? जानेवारी १९७९ मध्ये हीथ्रोवर उतरलेल्या एका पस्तीस वर्षांच्या भारतीय शिक्षिकेची, ती ‘खरी’ वधू आहे का हे ठरवण्यासाठी, डॉक्टरकडून कौमार्य तपासणी करवली गेली. बातमी फुटली, संसदेत गदारोळ झाला. नंतर उघड झालेल्या सरकारी कागदांत दिसलं, की अशा तपासण्या भारतातही झाल्या होत्या. आज अधिकारी व्हॉट्सॲपची पानं मागतो म्हणून चिडणाऱ्यांनी, नात्याचा पुरावा एकेकाळी कुठे शोधला जात होता, हे माहीत असू द्यावं.

मग नवऱ्यांची पाळी. ब्रिटनमधल्या पुरुषाला बायको आणणं सोपं होतं, बाईला नवरा आणणं कठीण. अब्दुलअझीझ, कबालेस आणि बालकंदाली या तिघी स्त्रिया स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार न्यायालयात गेल्या आणि २८ मे १९८५ ला जिंकल्या: हा लिंगभेद आहे. ब्रिटिश सरकारने निकाल शिरसावंद्य मानला आणि भेद दूर केला. कसा, तर बायका आणणंही तितकंच कठीण करून. समानतेचा इतका काटेकोर अंमल जगात क्वचितच झाला असेल.

त्याच काळात ‘मुख्य हेतू’चा नियम जोरात होता. या लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये येणं हा नाही, हे अर्जदाराने सिद्ध करायचं. मुलाखतीत विचारत: ‘व्हिसा नाही मिळाला तर बायको भारतात येऊन राहील का?’ ‘नाही’ म्हटलं तर हेतू ब्रिटन हाच, अर्ज नामंजूर. ‘हो’ म्हटलं तर मग व्हिसा हवा कशाला, राहा की भारतात. मे १९९७ मध्ये नवं सरकार आलं आणि त्याने आल्या आल्या, जूनमध्येच, हा नियम काढला. हे या कहाणीतलं दुर्मीळ सुखाचं पान.

मधल्या कडव्याचा नायक सुरिंदर सिंग. भारतीय नवरा, ब्रिटिश बायको. दोघांनी १९८३ ते १९८५ जर्मनीत काम केलं आणि ब्रिटनला परतले. पुढे सरकारने त्याला काढायचं ठरवलं. १९९२ मध्ये युरोपीय न्यायालय म्हणालं, ब्रिटिश बाई युरोपात काम करून परत येते तेव्हा युरोपीय नागरिक म्हणून येते, नवरा तिच्याबरोबर येऊ शकतो. म्हणून पुढे पगारात न बसणारे कितीतरी इंग्रज लोक स्वतःच्या बायकोला स्वतःच्या देशात आणण्यासाठी काही महिने आयर्लंडमध्ये जाऊन नोकरी करत. ब्रेक्झिटने ती वाट बुजली. ज्या जोडप्याच्या नावावर हजारो संसार जुळले त्याचा स्वतःचा घटस्फोट निकालाच्या आधीच झालेला होता.

२०१२ ला पगाराची अट आली. ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि २२ फेब्रुवारी २०१७ ला निकाल लागला: अट कडक आहे, तिने पुष्कळांचे हाल होतात, पण ती बेकायदा नाही. मुलांच्या हिताचा विचार आणि इतर मार्गांनी येणारा पैसा यांकडे मात्र नियमांनी नीट बघायला हवं. त्यानंतर नियमात एक फट ठेवली गेली. सासऱ्यांनी कायम मदत करण्याची लेखी, पटणारी हमी दिली तर अपवादात्मक परिस्थितीत ती विचारात घेता येते. ‘पटणारी’ या शब्दाखाली रेघ मारा. ‘आमचं सगळं त्याचंच आहे’ हे पटत नाही, फिक्स्ड डिपॉझिटची पावती पटते.

सुनावणीचा दिवस

ज्याचं अपील तो या दिवशी हजर नसतो. तो भारतातच असतो, कारण त्याला व्हिसा नाही, आणि व्हिसा नाही म्हणून तर अपील. जायचं जोडीदाराने. भारतातून व्हिडिओवर साक्ष देण्याचा विचार असेल तर थांबा. परदेशातून तोंडी साक्ष घेण्याआधी त्या देशाची हरकत नाही ना हे ठरावं लागतं, असं वरच्या ट्रायब्युनलने २०२१ मध्ये सांगितलेलं आहे. ते जमवण्यापेक्षा सहीचं निवेदन बरं.

जागा लंडनमध्ये टेलर हाउस असेल किंवा हीथ्रोजवळचं हॅटन क्रॉसचं केंद्र. दुसऱ्या ठिकाणी डोक्यावरून विमानं जातात. त्याकडे बघू नये, मन विचलित होतं. न्यायाधीश टोप घालत नाही, खोली साध्या ऑफिससारखी असते, आणि समोर होम ऑफिसचा, म्हणजे व्हिसा नाकारणाऱ्या खात्याचा, प्रतिनिधी बसतो, ज्याने तुमची फाइल बहुधा नुकतीच उघडलेली असते.

तो विचारेल: पहिल्यांदा कधी भेटलात? इथे मराठी माणूस हमखास चुकतो, कारण त्याच्या आठवणी तिथीच्या असतात. ‘दसऱ्याच्या आदल्या रविवारी’ हे उत्तर खरं असलं तरी निवेदनात बायकोने ‘ऑक्टोबरचा तिसरा आठवडा’ लिहिलं आहे आणि त्या वर्षी दसरा सप्टेंबरात होता. आधी बसून पंचांग आणि कॅलेंडर जुळवावं. तसंच पोहे कोणी केले होते, गच्चीवर बोलायला किती वेळ दिला, साखरपुडा कोणत्या हॉलमध्ये झाला, हे दोघांनी एकमेकांना विचारून घ्यावं. उत्तरं पाठ करू नयेत. दोघांनी शब्दन् शब्द तेच सांगितलं की तेही संशयास्पद.

शेवटी तो प्रश्न येणारच: ‘तुम्ही दोघं भारतात का राहत नाही?’ रागावू नये. ‘तुम्ही कोण विचारणारे’ असं म्हणू नये. तिकडची नोकरी, घराचं कर्ज, आई-वडिलांची औषधं, मुलं असतील तर शाळा, जे खरं असेल ते कागदासह सांगावं. भारतात उकडतं, हे कारण कोणी मान्य करत नाही.

निकाल त्या दिवशी बहुधा लागत नाही. घरी जावं.

उद्यापन

अपील मंजूर झालं की पेढे आणावेत, पण बॅग भरू नये. सरकारला वरच्या ट्रायब्युनलकडे दाद मागण्याची परवानगी मागायला चौदा दिवस असतात. तेही टळले की पासपोर्ट पुन्हा मागवतात. आणि आता ते सहा महिने आठवा. टीबीचा दाखला केव्हाच संपलेला असतो, पुन्हा छातीचा एक्स-रे काढावा.

व्हिसा मिळतो तेहतीस महिन्यांचा. तो संपायच्या आत मुदतवाढ मागावी लागते, फी भरून, त्याच सॅलरी स्लिपा, तीच स्टेटमेंटं आणि इंग्रजीची एक पायरी वरची परीक्षा घेऊन. पाच वर्षं झाली की कायमच्या वास्तव्याचा अर्ज, इंग्रजीची आणखी एक पायरी, आणि वर ‘लाइफ इन द युके’ नावाची चोवीस प्रश्नांची परीक्षा, ज्यात अठरा बरोबर यावे लागतात. तिच्या पुस्तकात आठव्या हेन्रीच्या सहा बायकांची माहिती आहे, ती व्यवस्थित पाठ करावी. पहिली स्पेनहून आणली होती, चौथी जर्मनीहून. नात्याच्या पुराव्यादाखल चौथीचं एक चित्र तेवढं मागवलं होतं, आणि इरादा कायम एकत्र राहण्याचा होता का, हे कोणी विचारलं नाही.

अपिलाची फाइल माळ्यावर टाकू नये. मुदतवाढीच्या वेळी त्यातला निम्मा कागद परत लागतो, आणि पगाराची स्लिप हरवली तर कंपनीचं एचआर दुसरी द्यायला तीन आठवडे लावतं.